श्रावणात बार्बाडोस

आमच्या नानांच्या मते वेस्ट इंडीज ही जागा नसून टीम आहे. तिथे माणसं राहतात, बाजार भरतात, पोरं शाळा बुडवतात, हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे. पण त्यांच्या डोक्यातल्या नकाशावर तिथे चार मैदानं आहेत आणि उरलेल्या जागेत समुद्र. १९७१ साली वाडेकरांच्या टीमने तिकडे जाऊन मालिका जिंकली तेव्हा नाना कॉलेजात होते. स्वतःला पदवी कितव्या वर्गात मिळाली हे त्यांना आज नीट सांगता येत नाही, पण ब्रिजटाउनच्या कसोटीत सरदेसाईंनी सोलकरबरोबर सातव्या विकेटसाठी १८६ धावा जोडल्या हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. सरदेसाई मडगावचे, आम्ही मालवणचे. त्यामुळे त्यांच्या त्या दीडशे धावांतल्या पंधरा-वीस तरी घरच्याच आहेत, असा नानांचा एकूण सूर असतो.

तेव्हा नाना आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे, न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे आलेले असताना नवऱ्याने 'बार्बाडोसची तिकिटं काढली' असं जाहीर केलं, त्यावर नाना फक्त "केन्सिंग्टन ओव्हल!" एवढंच म्हणाले आणि कपाटातून पांढरी टोपी शोधायला गेले.

तिकिटं स्वस्त होती. माझ्या नवऱ्याला सवलत दिसली की तिच्या मागे काय उभं आहे ते दिसत नाही. मागे दोन गोष्टी उभ्या होत्या. पहिली, वादळं. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, आणि आम्ही जाणार ऐन ऑगस्टमध्ये. २०२४ साली वर्ल्ड कप जिंकल्यावर रोहित शर्माची अख्खी टीम बेरिल वादळामुळे बार्बाडोसलाच अडकून पडली होती, ही आठवण मी करून दिली. नाना म्हणाले, "मग? काय वाईट जागी अडकली?"

दुसरी गोष्ट आईंनी पंचांग उघडून सांगितली. "अरे, तेव्हा श्रावण आहे."

आमच्याकडे श्रावण लागला की मासळी बंद. ती नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मगच सुरू. आणि आम्ही निघालो होतो अशा देशात, जिथे राष्ट्रीय पक्वान्नात उडता मासा आहे आणि एक डॉलरच्या नाण्यावरही उडता मासाच आहे. नानांनी कायदेशीर बाजू मांडून पाहिली. श्रावण अरबी समुद्राला लागतो, हा कॅरिबियन आहे, इथे कोळ्यांची होडी नाही की मान्सून नाही, वगैरे. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पौर्णिमा दोन्हीकडून दिसते ना?" खटला तिथेच निकालात निघाला. पौर्णिमा सहलीतच येत होती. तिथल्या समुद्राला नारळ द्यायचा आणि मग काय ते खायचं, असं ठरलं. आईंनी ओक ट्री रोडवरून चांगला शेंडीवाला नारळ आणला आणि खाऊच्या बॅगेत, भाजणीच्या आणि मेतकुटाच्या मध्ये, सुखरूप बसवला.

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाच तासांत न्यूयॉर्कहून ब्रिजटाउन. शिडी उतरून धावपट्टीवर पाय ठेवला आणि अंगावर जी दमट, कोमट, खारट हवा आली तिने आई एकदम खुलल्या. "अगं, हे तर घरचंच वाटतंय," असं म्हणून त्यांनी स्वेटर काढला. नंतरच्या सगळ्या मुक्कामात त्यांनी हे वाक्य इतक्या ठिकाणी वापरलं की सरकारने त्यांना मालवणची राजदूत नेमायला हरकत नव्हती.

इमिग्रेशनच्या काउंटरवर एक भारदस्त बाई होत्या. येण्याचं कारण काय, असं त्यांनी नानांना विचारलं. 'पर्यटन' हे उत्तर आम्ही विमानात दोनदा पाठ करून घेतलं होतं. नानांनी सांगितलं, "सर गारफील्ड सोबर्स." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. नानांनी खुलासा केला. आपण १९७१ पासून इथे यायचं म्हणतोय. मग हॉल, ग्रिफिथ, मार्शल, गार्नर अशी सगळी बार्बाडोसची गोलंदाजी त्यांनी क्रमवार मोजली. मागे रांग वाढत होती. बाईंनी शिक्का उचलला, मारला आणि पासपोर्ट परत देताना म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा उशिरा आलात. चाळीस एक वर्षं." नाना या विनोदावर इतके खूश झाले की पुढच्या कटकटीत त्यांचा काही उपयोग झाला नाही.

कटकट पट्ट्यावर सुरू झाली. आमच्या दोन मोठ्या बॅगा. एक कपड्यांची, एक खाऊची. पट्टा फिरला, थांबला, रिकामा झाला. खाऊची आली होती. सहा माणसांचे कपडे, पोहण्याचे पोशाख आणि नवऱ्याने खास या सहलीसाठी घेतलेली फुलाफुलांची शर्टं असलेली बॅग दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात उतरली होती. तक्रारीच्या खिडकीवरच्या तरुणाने फॉर्म देत "बॅग प्रवासात आहे" असं सांगितलं. पुढे रोज फोनवर हेच उत्तर मिळत गेलं. ती आली ती आम्ही परत निघायच्या आदल्या संध्याकाळी. आमच्यापेक्षा जास्त जग बघून.

कस्टम्सला आईंनी प्रामाणिकपणे नारळ जाहीर केला. तिथल्या अधिकाऱ्याने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. बाहेरून फळं-झाडं आणू देत नाहीत, रोग येतात, हे त्याने अदबीने सांगितलं. मग खिडकीतून बाहेर हात केला. विमानतळाच्या कुंपणापलीकडे माडच माड. "आमच्याकडे थोडे आहेत, मॅडम," तो म्हणाला. मेतकुटाला त्याने एकदा हुंगलं, दोनदा शिंकला आणि जाऊ दिलं.

आम्ही निघणार इतक्यात त्याची नजर धाकट्याकडे गेली. आमच्या धाकट्याने लष्करी ठिपक्यांची हिरवी-तपकिरी चड्डी घातली होती, तिच्याच जोडीची टोपी होती. अधिकाऱ्याचा चेहरा गंभीर झाला. बार्बाडोसमध्ये ते कापड फक्त सैन्याचं. इतर कुणीही घालायचं नाही, लहान मुलांनीसुद्धा. कायद्याने गुन्हा आहे. चड्डी बदला, त्याने सांगितलं. कशाने बदलणार? कपड्यांची बॅग प्रवासात!

अशा वेळी नानांची हातातली पिशवी उघडते. नाना कुठेही जाताना पंचा घेतात. चंद्रावर पाठवलं तरी आधी पंचा घेतील. तर बार्बाडोसच्या भूमीवर आमच्या चिरंजीवांचं पहिलं पाऊल पडलं ते तांबड्या काठाच्या पंचात, दोन्ही हातांनी कमरेची गाठ धरून, चेहऱ्यावर अपरंपार अन्याय घेऊन. थोरली दहा पावलं मागे चालत होती, म्हणजे ओळख नाही असं दाखवता येईल. बाहेर एका टॅक्सीवाल्याने पंचाकडे नीट निरखून पाहिलं आणि अंगठा वर केला.

गाडी भाड्याची होती. इथे भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर एच असतं, म्हणजे समोरच्याला लांबूनच कळतं की येणारा नवखा आहे, सांभाळा. आणि सांभाळायला हवंच होतं, कारण बार्बाडोसमध्ये गाड्या डावीकडून चालतात. नवऱ्याने गाडी शिकली न्यू जर्सीत. डावीकडून गाडी चालवण्याचा त्याचा अनुभव म्हणजे ठाण्यात रिक्षात मागे बसणं. नाना शेजारी बसून "डावीकडे, डावीकडे राहा!" असं ओरडत होते, आणि मधूनच एखादी गाडी हलकेच पॅक असा हॉर्न देऊन पुढे जायची. न्यू जर्सीत हॉर्न म्हणजे शिवी. नवऱ्याला वाटलं, प्रत्येक जण आपल्याला शिव्या घालतोय. ते लोक खरं तर 'या, आलात का' एवढंच म्हणत असतात, वाट दिल्याबद्दल आभार मानत असतात, हे त्याला दुसऱ्या दिवशी समजलं. तोवर त्याने काच खाली करून दोन-तीन सज्जनांना उलट ऐकवलं होतं. नशीब की मराठीत.

आमचं उतरायचं ठिकाण ऑइस्टिन्सजवळ, विमानतळापासून अगदी हाकेच्या अंतरावर. वळण चुकलं आणि आम्ही एबीसी हायवेला लागलो. हायवेवर ठिकठिकाणी चौकाऐवजी मोठमोठी वर्तुळं आहेत. नवरा एका वर्तुळात शिरला, पण बाहेर पडायची गल्ली दर वेळी आतल्या बाजूच्या रांगेतून निसटत होती. आम्ही फिरत राहिलो. आईंनी डोळे मिटले होते. तेवढ्यात नानांनी पाटी वाचली आणि जागच्या जागी ताठ बसले.

"अरे, हळू चालव! एव्हर्टन वीक्स आहे!"

त्या वर्तुळाला सर एव्हर्टन वीक्स यांचं नाव दिलेलं आहे. कसोटीत लागोपाठ पाच शतकं मारणारा हा माणूस. त्यांतली चार भारतात, १९४८-४९ च्या दौऱ्यावर. मुंबईत ब्रेबॉर्नवर १९४. नानांच्या वडिलांनी ते शतक नॉर्थ स्टँडमधून पाहिलं होतं आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. आता त्यांचा मुलगा, नातू आणि पंचा नेसलेला पणतू वीक्ससाहेबांना प्रदक्षिणा घालत होते. नानांनी टोपी काढली. पुढची गल्ली सापडली तेव्हा ते थोडे नाराजच झाले. "अजून एक घातली असती," म्हणाले.

उतरायच्या जागेची जाहिरात 'समुद्र दारात' अशी होती आणि ती खोटी नव्हती. समुद्र दारात होता, पण त्याच्या आणि दाराच्या मध्ये गुडघाभर उंचीचा तपकिरी शेवाळाचा बांध पडला होता. सारगॅसम म्हणतात त्याला. अटलांटिकमध्ये तरंगत वाढतं आणि २०११ पासून उन्हाळ्यात या बेटांवर ढिगांनी येऊन पडतं. कुजलं की सडक्या अंड्याचा वास मारतं. नवऱ्याने खिडकी उघडली आणि लगेच लावली. थोरलीने नाकावर ओढणी धरली. आई मात्र दारात उभ्या राहून दीर्घ श्वास घेत होत्या. "अगदी आपल्या जेटीवरचा वास," त्या म्हणाल्या. बांध ओलांडून पलीकडे गेलं की पाणी होतं. त्या पाण्याबद्दल नवऱ्याने जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं. पायाशी काचेसारखं, पुढे पोपटी, मग निळं, आणि तळाशी पांढऱ्या वाळूवर उन्हाची जाळी हलतेय. धाकट्याने पंचा एका दगडावर ठेवला आणि कायद्याच्या कक्षेबाहेर धाव घेतली.

कपड्यांचा प्रश्न होताच. कोपऱ्यावरच्या दुकानात नवरा घाईने शिरला आणि गल्ल्यावरच्या बाईंना म्हणाला, "टी-शर्ट कुठे आहेत?" बाई म्हणाल्या, "गुड आफ्टरनून." त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने आवाज वाढवून टी-शर्टची चौकशी केली. बाईंनीही आवाज वाढवला. "गुड आफ्टरनून!" असं तीन-चार वेळा झालं. बाईंच्या चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. शेवटी नाना पुढे झाले, टोपी काढली, "गुड आफ्टरनून, मॅडम," म्हणाले, आणि बाई काउंटरमागून उठून स्वतः रॅकपाशी गेल्या. बार्बाडोसमध्ये दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही पाय ठेवला की आधी रामराम. तो घातल्याशिवाय तुम्ही आलेलाच नसता. अमेरिकेत राहून आमच्या घरातून ही एक गोष्ट केव्हा गळून पडली ते कळलंच नाही. दादरच्या दुकानात 'काय शेठ' म्हणून शिरणाऱ्या नानांना ती शिकवावी लागली नाही.

दुकानात सगळ्या मापांत मिळणारा एकच टी-शर्ट होता. निळा-पिवळा, छातीवर बार्बाडोसच्या झेंड्यावरचा काळा त्रिशूळ. त्रिशूळ पाहून आईंनी हात जोडले. श्रावणात, सोमवारी, शंकराचं दर्शन! मग जवळून पाहिलं आणि कपाळाला आठी पडली. त्रिशूळाला दांडा नव्हता, मोडलेला होता. भंगलेली वस्तू अंगावर घालायची नाही. गल्ल्यावरच्या बाईंनी समजावलं, तो मुद्दाम मोडलाय. इंग्रजांच्या वेळच्या चिन्हात ब्रिटानिया तो धरून उभी असायची. १९६६ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दांडा मोडून टाकला, म्हणजे आता तिला धरता येणार नाही. आईंनी क्षणभर विचार केला. "मग चालेल," म्हणाल्या, आणि सलवारीवर तो घातला. एका रांगेत आम्ही सहाही जण बाहेर पडलो तेव्हा बार्बाडोसची बी टीम चाललीय असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर नवरा हळूच कानाशी म्हणाला, "बाईंनी सुटे दुप्पट दिलेत. चुकून. चला लवकर." त्याने अमेरिकन डॉलर दिले होते, बाईंनी परत बार्बाडोसचे दिले होते. त्यांचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक, हा भाव १९७५ पासून जागचा हललेला नाही. थोरलीने हे समजावून सांगितलं तेव्हा सवलत हातातून गेल्याचं दुःख त्याला दिवसभर पुरलं. त्या सुट्यांत पाच डॉलरच्या दोन नोटा होत्या. नानांनी सहज एक हातात घेतली, आणि रस्त्याच्या मधोमध थांबले.

नोटेवर फ्रँक वॉरेल होता.

"क्रिकेटर! नोटेवर!" नाना म्हणाले. मग त्यांनी धाकट्याला तिथेच गोष्ट सांगितली. १९६२ साल, हेच ब्रिजटाउन, ग्रिफिथचा चेंडू आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बसला, कवटी फुटली, आणि रक्त द्यायला सगळ्यांत आधी पुढे झाला तो समोरच्या देशाचा कप्तान, वॉरेल. सांगताना नानांचा आवाज जरा बसला. मग त्यांनी दोन्ही नोटा खिशातल्या गणपतीच्या फोटोमागे ठेवल्या. या खर्च व्हायच्या नाहीत, असं जाहीर केलं.

थोरलीला हे सगळं जुनंपानं वाटत होतं. तिच्या लेखी बार्बाडोस म्हणजे रिहाना. २०२१ साली देश प्रजासत्ताक झाला त्या रात्री तिला राष्ट्रवीर घोषित केलं, आणि त्या यादीत जिवंत असे दोघंच, ती आणि सोबर्स, हे तिने नानांना ऐकवलं. सोबर्सच्या शेजारी कुणाचं नाव आहे म्हटल्यावर नानांनी गांभीर्याने विचारलं, "ऑलराउंडर आहे का?"

"गाते, सिनेमात काम करते, मेकअपची कंपनी आहे."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून मुंगूस गेलं. आईंनी शुभ म्हणून सगळ्यांना उठवलं. या बेटांवरची मुंगसं मूळची आपलीच. १८७२ साली कलकत्त्याहून जमैकात नऊ मुंगसं नेली, उसातले उंदीर मारायला, आणि मग ती बेटोबेटी पसरली. उंदीर रात्रपाळीचे आणि मुंगूस दिवसपाळीचं, त्यामुळे दोघांची फारशी गाठ पडली नाही. मुंगसांनी लोकांच्या कोंबड्या खाल्ल्या. मुंगसाच्या मागोमाग आईंची नजर गेली ती कुंपणापाशी, आणि त्या जवळजवळ किंचाळल्या. "नीरफणस!" मालकीणबाईंच्या दारात नीरफणसाचं झाड होतं, फळांनी लगडलेलं. कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रजाने ऊसमळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून ताहितीहून याची रोपं आणायला घेतली होती. १७८९ साली खलाश्यांनी बंड करून ती समुद्रात फेकली. १७९३ साली दुसऱ्या खेपेला ती कॅरिबियनमध्ये पोचली. हे मी वाचून दाखवत होते, पण ऐकायला कुणी नव्हतं. आई मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. हळद, तिखट, तांदळाचं पीठ खाऊच्या बॅगेतून निघालं आणि तव्यावर काप पडले. मालकीणबाई नीरफणस उकडून लिंबू-काकडी घालून करतात. त्यांनी काप खाल्ला, थांबल्या, "डार्लिंग!" म्हणून आईंना मिठी मारली आणि पाटावर बसून, म्हणजे तिथल्या स्टुलावर बसून, उरलेले सगळे संपवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईंना त्यामुळे काही अडलं नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ऑइस्टिन्सच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे रांगेने टपऱ्या, प्रत्येकीपुढे निखारे, त्यावर मार्लिन, माहीमाही, आणि तेलात उडता मासा. सगळ्या किनाऱ्यावर तो वास. नाना हात मागे बांधून एकेका तव्यापुढून चालत होते. कुठे थांबायचं नाही हे ठरवून आणि प्रत्येक ठिकाणी थांबत. आईंचं लक्ष शहाळ्यांच्या गाडीवर होतं. त्यांनी एकाकडे बोट दाखवलं. पोराने ते उचललं, आईंनी तोंड उघडायच्या आत कोयत्याचे तीन घाव घातले, वरचं टोपण उडवलं, नळी खोचली आणि हसून पुढे केलं.

"अरे देवा, उष्टा नारळ समुद्राला कसा देऊ?" आई म्हणाल्या. नवऱ्याने पोराला सांगितलं, अख्खं हवंय. न फोडता. कशाला? समुद्रात टाकायला. पोराने समुद्राकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, छातीवरच्या सहा त्रिशूळांकडे पाहिलं. पैसे आधी द्या, म्हणाला. आणखी पाच डॉलर. कार्ड चालत नाही.

सगळ्यांचे खिसे झाले. पहिल्या शहाळ्यातच चिल्लर संपली होती. मग सगळ्यांची नजर नानांच्या खिशाकडे वळली, गणपतीच्या फोटोमागे.

"ते शक्य नाही," नाना म्हणाले. "वॉरेल आहे तो."

"अहो, त्या माणसाने रक्त दिलं," आई म्हणाल्या, "आणि तुमच्याच्याने पाच डॉलर सुटत नाहीत?"

नानांनी वॉरेलकडे पाहिलं. मागच्या टपरीवर तेलात नुकताच उलटलेला मासा चर्र करत होता. नारळ पाण्यात पडला की तो खाता येणार होता. त्यांनी नोट काढली, दिव्याखाली धरली आणि पोराला म्हणाले, "एक मिनिट थांब, बाळा." मग धाकट्याकडून पेन घेऊन त्यांनी तिचा नंबर विमानाच्या तिकिटामागे लिहून घेतला.